जुना व्हीसीआर, नवा टीव्ही आणि एक कॅसेट

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या खोलीतल्या तीन वस्तू मी ठेवून घेतल्या. त्यांचा व्हीसीआर, एक डीव्हीडी प्लेअर आणि दोन मोठ्या स्पीकरांसकट स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. सोबत एक कॅसेट आहे. १९९४ साली घरीच केलेलं २० मिनिटांचं चित्रण, त्यात वडील नातवंडांना गोष्ट सांगताहेत. ही कॅसेट गेल्या १२-१३ वर्षांत कुणी लावलेली नाही. आमचा टीव्ही नवा, अगदी पातळ आहे. त्याच्या मागे एचडीएमआयची तीन सॉकेट आहेत, यूएसबीची दोन, अँटेनाचं एक, छोटं झाकण असलेलं एक ‘ऑप्टिकल’ आणि हेडफोनच्या पिनेसारखी दोन बारीक गोल भोकं. व्हीसीआरला पिवळं आणि पांढरं अशी दोनच सॉकेट आहेत, शिवाय अँटेनाची दोन. मी एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन असलेली केबल आणून जोडली. काहीही दिसत नाही. लाल पिन कुठे लावायची तेही कळत नाही, ती मोकळीच लोंबते आहे. मुलगा म्हणतो, हे आता जोडता येत नाही, टाकून दे. मी ६१ वर्षांची आहे, शिकायची तयारी आहे. खरंच टाकून द्यावं का? – एक वाचक

ताई, नमस्कार.

टाकू नका. यंत्रं चालू स्थितीत असतील तर तिन्ही तुमच्या टीव्हीला जोडता येतील, आणि त्यातलं एक, म्हणजे तो अ‍ॅम्प्लिफायर, तुमच्या नव्या टीव्हीला आज आहे त्यापेक्षा कितीतरी चांगला आवाज देईल. फक्त एक विनंती. हे उत्तर शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. टीव्हीवर चित्र येत नाही ही अडचण आज ना उद्या सुटते. टेप एकदा चुरगळली की ती पूर्ववत होत नाही.

आधी तुम्ही आणलेल्या केबलबद्दल. तुमची जोडणी चुकलेली नाही. ती केबल हे काम करूच शकत नाही. व्हीसीआरच्या पिवळ्या सॉकेटमधून चित्र बाहेर येतं ते एकाच तारेवरून, विजेच्या दाबाच्या सतत खालीवर होणाऱ्या लाटेच्या रूपात. उजेड, रंग आणि प्रत्येक ओळ कुठे सुरू होते याची खूण, सगळं त्या एकाच लाटेत मिसळलेलं असतं. याला कॉम्पोझिट म्हणतात आणि हा अ‍ॅनालॉग सिग्नल. एचडीएमआयच्या सॉकेटमध्ये १९ पिना असतात आणि तिथे चित्र आकड्यांच्या रूपात यावं लागतं. तुमच्या केबलमध्ये या टोकाची तार त्या टोकाला नेऊन जोडलेली आहे, एवढंच. लाट टीव्हीपर्यंत पोचते, पण तिथे आकड्यांची वाट पाहणाऱ्या सर्किटला तिचा काहीच अर्थ लागत नाही. लाटेचे आकडे करायला मध्ये एक चिप लागते आणि चिपला वीज लागते. ही खूण लक्षात ठेवा, कारण अशा केबली सर्रास विकल्या जातात आणि त्यांच्या वेष्टनावर टीव्ही आणि व्हीसीआर दोघांची चित्रं असतात. जिला वेगळी वीज द्यावी लागत नाही अशी साधी केबल पिवळ्या पिनेचं एचडीएमआय करू शकत नाही.

म्हणजे कन्व्हर्टर घ्यायचा का? कदाचित तोही लागणार नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ आहे ती ‘दोन बारीक गोल भोकां’ची. त्यातलं एक हेडफोनचं असणार. दुसऱ्याच्या शेजारी काय कोरलं आहे ते टॉर्च धरून वाचा. टीव्हीच्या प्लॅस्टिकवर ही अक्षरं काळ्यावर काळी असतात, बोट फिरवलं तर आधी हाताला लागतात. तिथे ‘एव्ही इन’ किंवा नुसतं ‘एव्ही’ असेल तर तुमचं काम जवळपास झालं. टीव्ही पातळ झाले तशी मागची तीन रंगीत सॉकेट मावेनाशी झाली, म्हणून अनेक कंपन्यांनी ती तिन्ही एका ३.५ मिलिमीटरच्या भोकात आणून ठेवली. त्यासाठी टीव्हीच्या खोक्यात एक वीतभर लांबीची वायर दिलेली असते. एका बाजूला बारीक पिन, दुसऱ्या बाजूला पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन सॉकेट. बहुतेक घरांत ती वायर खोक्यातच राहते. खोकं अजून असेल तर आधी ते शोधा.

वायर सापडली नाही तर नवी घेता येते, पण इथे एक फसगत आहे. त्या बारीक पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे चार भाग होतात. एक चित्राचा, दोन आवाजाचे आणि एक सामाईक. कोणत्या भागावर काय, याचा क्रम सगळ्या कंपन्यांनी सारखा ठेवलेला नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली जुनी वायर दिसायला अगदी तशीच असते आणि टीव्हीला लावली की चित्र येत नाही, नुसती स्पीकरमधून जोराची गुरगुर ऐकू येते. ती गुरगुर म्हणजे चुकून आवाजाच्या वाटेने गेलेलं चित्र. असं झालं तर वायर खराब आहे असं समजू नका. व्हीसीआरकडून आलेली पिवळी पिन लाल सॉकेटमध्ये लावून बघा, मग पांढऱ्यामध्ये. अनेकदा एवढ्यानेच चित्र उभं राहतं. यात काही जळत नाही, या पिनांमधून जाणारी वीज अगदी क्षीण असते. तरी पिना बदलताना यंत्रं बंद ठेवायची सवय चांगली. अ‍ॅम्प्लिफायर जोडाल तेव्हा तर ती हवीच, नाहीतर स्पीकरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो.

काही टीव्हींना छोटं भोक नसतं, मोठी रंगीत सॉकेट असतात, पण त्यांत पिवळं मात्र नसतं. हिरवं, निळं, लाल आणि शेजारी पांढरं, लाल. तुमचा टीव्ही तसा नाही, तरी इतर वाचकांसाठी सांगतो, कारण याच एका गोष्टीने मला सर्वांत जास्त पत्रं येतात. हिरव्याभोवती पिवळं कडं असेल किंवा खाली ‘वाय/व्हिडिओ’ असं लिहिलेलं असेल, तर पिवळी पिन त्या हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते. चित्र आलं पण काळंपांढरं आलं, तर टीव्हीला अजून ते वेगळ्या प्रकारचं वाटतं आहे. इनपुटच्या यादीत ‘कॉम्पोनंट’ऐवजी ‘एव्ही’ निवडा, रंग येतील.

आणि हो, इनपुट. जुन्या टीव्हीला व्हीसीआर जोडला की एक ठरावीक चॅनेल लावलं की झालं. नव्या टीव्हीला कोणत्या सॉकेटकडे बघायचं ते रिमोटवरून सांगावं लागतं. ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असं बटण असतं, किंवा चौकोनात शिरणाऱ्या बाणाचं चिन्ह. त्यातून ‘एव्ही’ निवडा. काही टीव्ही त्या भोकात वायर घातल्याशिवाय यादीत ‘एव्ही’ दाखवतही नाहीत, तेव्हा आधी वायर, मग यादी.

दुसरं भोक एव्हीचं निघालं नाही, तर दोन वाटा उरतात. एक वाट तुमच्या समोरच आहे. व्हीसीआरच्या अँटेनाच्या दोन सॉकेटांपैकी ‘आउट’ लिहिलेल्यातून टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटपर्यंत साधी अँटेनाची वायर. व्हीसीआर त्यातून एका छोट्या प्रक्षेपण केंद्रासारखा एका ठरावीक चॅनेलवर सिग्नल सोडतो. काही देशांतल्या यंत्रांत ते चॅनेल ३ किंवा ४ असतं, काहींत यूएचएफवर ३६च्या आसपास. व्हीसीआर चालू ठेवून टीव्हीवर ‘अ‍ॅनालॉग’ चॅनेलचा आपोआप शोध लावला की ते सापडतं. यात चित्र सगळ्यांत खराब येतं आणि नव्या टीव्हींमधून अ‍ॅनालॉग ट्यूनर काढूनही टाकले जात आहेत, म्हणून ही वाट मी फक्त यंत्र चालतंय की नाही एवढं बघण्यापुरती वापरतो.

दुसरी वाट कन्व्हर्टरची. मुठीत मावेल एवढी डबी, एका बाजूला तीन रंगीत सॉकेट, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय आणि विजेसाठी यूएसबीची छोटी वायर. घेताना एकच गोष्ट तीनदा तपासा : दिशा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ हवा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ नावाची डबी दिसायला हुबेहूब तशीच असते आणि तिचं काम बरोबर उलटं असतं, नवं यंत्र जुन्या टीव्हीला जोडण्याचं. एकाच्या जागी दुसरी घेऊन आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी ‘डबी खराब निघाली’ म्हटलं की मी आधी तिच्यावरचं नाव वाचायला सांगतो. विजेची वायर टीव्हीच्या यूएसबीला लावली आणि चित्र मधूनच जायला लागलं, तर मोबाइलच्या चार्जरला लावून बघा. टीव्हीचं यूएसबी सगळीकडे पुरेशी वीज देतंच असं नाही.

कन्व्हर्टरने चित्र आलं की पहिली गोष्ट दिसेल ती म्हणजे माणसं आडवी ताणलेली, चेहरे रुंद. १९९४ च्या चित्राची रुंदी आणि उंची ४:३ या प्रमाणात, तुमच्या टीव्हीची १६:९. स्वस्त कन्व्हर्टर सगळं ओढून पडदाभर करतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘४:३’ असेल तर ते निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्या. तुमचे वडील जसे दिसायचे तसे दिसणं पडदा भरण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. एव्हीच्या भोकातून थेट जोडलं असेल तर हे सेटिंग जवळपास नेहमीच मिळतं. थेट जोडणी मला पसंत असण्याचं हे एक कारण.

आता कॅसेटकडे वळू या. इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, घाई करू नका.

व्हीसीआरच्या पोटात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरका ढोल असतो. त्यावर चित्र वाचणारी हेड बसवलेली असतात आणि तो ढोल सेकंदाला २५ किंवा ३० वेळा फिरतो, आपल्याकडचं यंत्र पाल पद्धतीचं की एनटीएससी (वेगवेगळ्या देशांतल्या टीव्ही-चित्राच्या या दोन पद्धती), त्यानुसार. कॅसेट आत गेली की यंत्र टेपेचा फास बाहेर ओढून त्या ढोलाभोवती गुंडाळतं. हे सगळं रबरी पट्टे, रबरी चाकं आणि प्लॅस्टिकचे दाते करतात. १२ वर्षं न हललेलं रबर कडक होतं किंवा चिकट होतं. मग यंत्र टेप बाहेर तर काढतं, पण परत गुंडाळत नाही, आणि कॅसेट बाहेर येताना टेप आतच लोंबत राहते. माझ्या घरच्या एका कॅसेटचं असं झालं. हातभर टेप चुरगळली आणि तेवढा भाग कायमचा गेला. म्हणून त्या कॅसेटची पाळी सर्वांत शेवटी.

पहिल्या दिवशी व्हीसीआर कॅसेटशिवाय चालू करा. त्याआधी मागच्या पट्टीवर लिहिलेला व्होल्टेज तुमच्या घरच्या विजेशी जुळतो का ते बघा, विशेषतः यंत्र परदेशातून आणलेलं असेल तर. अर्धा तास तसाच राहू द्या, पण त्याच खोलीत बसा. जळका वास आला, गुणगुण वाढत गेली किंवा धूर दिसला तर प्लग काढा आणि तिथेच थांबा. झाकण उघडून आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमध्ये काही काळ वीज साठलेली असते.

सगळं ठीक वाटलं तर एक बिनमहत्त्वाची कॅसेट घाला, जी गेली तरी वाईट वाटणार नाही अशी. ती पुढे पळवा, मागे आणा, लावा, थांबवा, बाहेर काढा. तीन-चार वेळा. बाहेर आलेल्या कॅसेटचं झाकण उचलून टेप सरळ आहे ना ते पाहा. चित्रात मुंग्याच मुंग्या असतील पण आवाज स्वच्छ असेल, तर हेडवर घाण बसली आहे. हेड साफ करायची कॅसेट मिळाली तर काही सेकंद चालवा, जास्त नाही. कापसाच्या काडीने हेड पुसायच्या भानगडीत पडू नका. कापसाचे धागे हेडमध्ये अडकतात आणि वरखाली घासलं तर हेड तुटू शकतं. हे काम ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडून करून घ्या.

मग वडिलांची कॅसेट हातात घ्या. खिडकीतून आतली टेपेची रिळं दिसतात. त्यांच्या कडेवर पांढरट भुकटी किंवा जाळी दिसते का? दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत लावू नका. बुरशी ढोलावर पसरते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. टेप साफ करून प्रत काढून देणारे लोक असतात, त्यांच्याकडे द्या. बुरशी नसेल तर कॅसेटच्या पाठीच्या कडेला डावीकडे एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी आहे का बघा. असली तर ती स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाका. ती मोडली की व्हीसीआर त्या कॅसेटवर नवं काही रेकॉर्ड करू शकत नाही, चुकून कुणाचं बोट लाल बटणावर पडलं तरी. आणि कॅसेट त्या मोठ्या स्पीकरांवर ठेवू नका. स्पीकरमध्ये जोरदार चुंबक असतो, टेपेवरचं चित्र चुंबकाच्याच रूपात असतं.

लावण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून मागे आणा. बरीच वर्षं पडून राहिलेले टेपेचे थर एकमेकांना चिकटून बसलेले असतात, ते मोकळे होतात.

आणि माझा आग्रह असा की लावाल त्याच वेळी तिची प्रत काढा. आधी सगळ्यांनी मिळून बघू, मग कधीतरी कॉपी करू, असं करू नका. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आज चालतात ती सगळी यंत्रं जुनी आहेत आणि त्यांचे भाग जुन्या यंत्रांतूनच काढले जातात. तुमचा व्हीसीआर आज चालला म्हणजे पुढच्या वर्षी चालेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. पिवळी-पांढरी-लाल सॉकेट असलेलं यूएसबी कॅप्चर नावाचं छोटं उपकरण मिळतं, ते कॉम्प्युटरला लावायचं. कॅसेट चालेल तितका वेळ ते रेकॉर्ड करतं, २० मिनिटांच्या चित्रणाला २० मिनिटं. यात तुमच्या मुलाची मदत घ्या. जोडता येत नाही असं तो म्हणतो ते बहुधा ती केबल बघून. फाइल तयार झाली की दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यानंतर टीव्हीवर कितीही वेळा बघा, तेव्हा व्हीसीआरची गरजही राहणार नाही, टीव्हीचं यूएसबी पुरेल.

चित्र कसं दिसेल, त्याची तयारी आधीच असू द्या. तुमच्या टीव्हीचं माप तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो फोर-के असेल तर त्यावर ३८४० बाय २१६० ठिपके आहेत. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ असतात. गुणाकार केला तर टीव्हीचे ठिपके बरोबर २० पट भरतात. म्हणजे डीव्हीडीच्या एका ठिपक्यातून टीव्हीला २० भरायचे आहेत, आणि व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हीसीआरच्या नेहमीच्या कॅसेटवर तपशील डीव्हीडीपेक्षाही बराच कमी. त्यामुळे चित्र मऊ, धूसर दिसणार. टीव्ही ते सुधारायला जातो आणि चेहरे मेणाचे करून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘शार्पनेस’ अगदी खाली आणा, नॉइज रिडक्शन आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा, आणि नेहमीपेक्षा दुप्पट अंतरावर बसा. फरक लगेच जाणवेल. कॅसेट पळवताना किंवा टेपेच्या खराब जागी पडदा एकदम निळा होऊन ‘सिग्नल नाही’ असं आलं तर घाबरू नका. टेप यंत्रातून थोडी डगमगतच जाते. जुने टीव्ही ते निभावून न्यायचे, नवे टीव्ही सिग्नल जरा डळमळला की सोडून देतात. काही सेकंदांत चित्र परत येतं.

डीव्हीडी प्लेअरचं काम सोपं. त्याला एचडीएमआय असेल तर एक साधी एचडीएमआय केबल. नसेल तर व्हीसीआरसाठी जे केलंत तेच, त्याच वायरने. एकच सावधगिरी. प्लेअरच्या मेन्यूत किंवा रिमोटवर ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’ असतं, ते पिवळ्या पिनेवर असताना चालू करू नका. अनेक प्लेअर ते चालू होताच पिवळ्या सॉकेटमधून चित्र देणं थांबवतात, आणि मग बंद करायला मेन्यूही दिसत नाही. झालंच तसं, तर रिमोटवरचं तेच बटण पुन्हा दाबून बघा.

आता तो अ‍ॅम्प्लिफायर. तुमच्या पत्रात तो तिसऱ्या क्रमांकावर आला, पण रोजच्या वापरात तोच सगळ्यांत जास्त आनंद देईल. पातळ टीव्हीच्या स्पीकरांना आत जागाच नसते. ते बोटभर असतात आणि आवाज खाली किंवा मागे भिंतीकडे फेकतात. म्हणूनच बोललेलं नीट कळत नाही आणि आवाज वाढवावा लागतो. तुमच्याकडचे दोन मोठे स्पीकर ही अडचण मिटवतात.

इथे दिशा उलटी होते, एवढं मनाशी पक्कं करा. चित्रासाठी टीव्ही घेणारा होता. आवाजासाठी टीव्ही देणारा आहे आणि अ‍ॅम्प्लिफायर घेणारा. टीव्हीचं ते छोटं झाकण असलेलं ऑप्टिकल सॉकेट उघडा, आत लाल प्रकाश दिसेल. आवाजाचे आकडे त्या उजेडाच्या उघडझापीतून बाहेर येतात. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र अ‍ॅनालॉग लाट हवी, म्हणून मध्ये डॅक नावाची छोटी डबी लागते. एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला पांढरं आणि लाल सॉकेट, आणि हिलाही वीज हवी. ऑप्टिकल केबलच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायला विसरू नका, आणि केबल कोपऱ्यात दुमडू नका, आतला धागा मोडतो. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. ही पायरी चुकली तर काही कार्यक्रमांना आवाज येतो आणि काहींना अजिबात येत नाही किंवा नुसती खरखर येते, कारण छोट्या डॅकला डॉल्बीचा गुंडाळलेला आवाज उलगडता येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’, ‘टेप’, ‘सीडी’, ‘ट्यूनर’ अशी नावं दिसतील. यांतल्या कोणत्याही ‘इन’मध्ये जोडा, सगळी सारखीच आहेत. ‘फोनो’ला मात्र हात लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. तबकडीवरच्या सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून फोनो त्याला कितीतरी पट मोठं करतं आणि खर्जाचे सूर मुद्दाम वाढवतं. टीव्हीचा आवाज तिथे दिला तर फाटका आणि भयंकर मोठा आवाज येईल, स्पीकरलाही इजा होऊ शकते. पहिल्यांदा चालू करताना अ‍ॅम्प्लिफायरचं बटण अगदी शून्यावर ठेवा. ऑप्टिकलमधून येणारा आवाज बहुधा कायम एकाच पातळीचा असतो, त्यामुळे कमीजास्त अ‍ॅम्प्लिफायरवरूनच करावं लागेल. उठून जाणं जमत नसेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून पांढऱ्या-लाल पिनांची वायर थेट ‘ऑक्स’ला नेता येते. डॅक लागत नाही आणि बहुतेक टीव्हींवर रिमोटने आवाज बदलता येतो. आवाज किंचित कमी स्वच्छ, पण बातम्या-मालिकांसाठी उत्तम. स्पीकरांच्या उघड्या तारा मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्याच मागे राहिल्या पाहिजेत, त्या टीव्हीच्या कुठल्याही भोकात जाता कामा नयेत.

ओठ आधी आणि शब्द मागून, किंवा उलटं, असं वाटलं तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘सिंक’ किंवा ‘डिले’ असतं, त्याने जुळवा. यासाठीच व्हीसीआरचा आवाज थेट अ‍ॅम्प्लिफायरला देऊ नका. नवा टीव्ही जुनं चित्र तयार करायला क्षणभर वेळ घेतो, आवाज मात्र लगेच पोचतो. टीव्हीतून फिरून आला की दोघं बरोबर चालतात.

राहिली ती लोंबणारी लाल पिन. तुमच्या व्हीसीआरला एकच पांढरं सॉकेट आहे, म्हणजे तो मोनो आहे, त्याच्याकडे आवाजाचा एकच प्रवाह आहे. लाल पिन मोकळीच राहू द्या, तिला चिकटपट्टी लावून बाजूला ठेवा. पण मग टीव्हीत आवाज फक्त डाव्या बाजूला जाईल आणि दोन मोठ्या स्पीकरांपैकी एकच बोलेल. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ असं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर एका पिनेच्या दोन पिना करणारा वाय आकाराचा छोटा जोड घ्या. त्याचं एक टोक व्हीसीआरच्या पांढऱ्या सॉकेटमध्ये, दुसऱ्या बाजूची दोन टोकं टीव्हीच्या वायरीच्या पांढऱ्या आणि लाल सॉकेटमध्ये. मग वडिलांची गोष्ट दोन्ही स्पीकरांतून ऐकू येईल.